पांढऱ्या गोंड्याचा खिलार

हरला त्यानं मिशी काढायची, ही पैज आमच्या आळीत पार शिळी झाल्ती. छगनची मिशी तीनदा गेली, माझी दोनदा, आन गहिनीनाथाला मुळात मिशीच न्हाई, तो दर वेळी फुकटात सुटायचा. म्हनून त्या दिवशी नवी पैज काढली. हरला त्यानं शनवारी काष्टीच्या बैलबाजारात बैल म्हनून उभं ऱ्हायचं. डोक्याला शिंगं, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, दावं खुट्याला. गिऱ्हाईक आलं तर दात दाखवायचे.

"आन शेन?" गहिनीनाथानं इचारलं.

"ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर," मी म्हनलं.

साल सांगायचं तर गनपती दूध प्याला ते. तुळशीची लग्नं लागून मानसांची सुरू झाल्ती, म्हंजी माझा धंदा तेजीत. मी गोरक्ष, 'भारती साऊंड सर्व्हिस'चा मालक. भारती माझी बायको. आळीत सगळ्यात मोठा आवाज तिचा, म्हनून पाटीवर नाव तिचं. काष्टीच्या अलीकडं रस्त्याला आमची वाडी. लगीन असो, सप्ता असो, चौदा एप्रिलची मिरवनूक असो, भोंगा माझाच. शनवारी काष्टीच्या बाजारात बी माझाच. अमक्याचा बैल सुटलाय, तमक्याची म्हातारी चुकलीय, पाकीट सापडलंय, वळख पटवून न्या.

छगन म्हंजी वाडीचा पोलीस पाटील. अंगात खाकी न्हाई, पन चालताना वाटतं की आतून घातलीय. गहिनीनाथ काष्टीच्या यष्टी स्टँडवर कंट्रोलर. कुठली गाडी कवा येनार ते त्याला सांगता येत न्हाई, पन कोन कुठल्या गाडीनं कुनाला भेटाय गेलं ते अचूक.

तर गहिनीनाथानंच बातमी आनली. "कंडक्टर सांगत हुता, रंभाजी सुटतोय. पॅरोलवर. पोरीचं लगीन हाय म्हनं."

छगनचा चहा बशीतच ऱ्हायला. "मला कसं कळलं न्हाई? पोलीस पाटील मी हाय का कंडक्टर?"

"कंडक्टरला कळलं कारन तो सरकारात न्हाई म्हनून," गहिनीनाथ म्हनला.

"तू हायेस की सरकारात!"

"मी यष्टीत हाय."

आमी हसलो खरं, पन रंभाजी म्हंजी हसायचं नाव नव्हतं. बांधावरच्या पान्यावरून त्यानं भागिरथी काकूच्या नवऱ्यावर कोयता चालवला. मानूस जागेवर गेला. बघनारी एकटी काकू. तिनं कोर्टात उभं ऱ्हाऊन त्याच्याकडं बोट केलं आन त्याला जल्मठेप लागली. तवापासून काकू एकटीनं शेत करती, वांगी काढती आन शनवारी काष्टीला इकती. तिच्या वांग्याला काटा असतो तसा जिभेला बी.

ती त्याच वक्ताला माझ्या दारात आली. हातात पिशवी. "गोरक्षा, तो मुडदा कोनच्या दिवशी येतोय रं? मी केडगावला भावाकडं निघाले."

"आन वांगी?"

"जळू दी वांगी."

भाऊ तिला किती वर्सं म्हनत हुता, रान इक आन हिकडं ये. आता एकदा गेली की ती माघारी येनार न्हाई, हे आमाला कळत हुतं आन तिला बी.

"काकू, कुठं जाऊ नको," छगन छाती काढून म्हनला. "सरकार हाय."

मला काय ऱ्हावलं न्हाई. "कुठलं सरकार रं छगन्या? जेलचं फौजदाराला ठावं न्हाई, फौजदाराचं तलाठ्याला न्हाई, आन पोलीस पाटलाला गहिनीनाथ सांगतो. ही सगळी खाती मिळून एक तरी काम येळेवर करतील का?"

"करतील!"

"केलं तर मी बैल. न्हाई केलं तर तू."

"लाव!" छगननं हातावर हात मारला. गहिनीनाथ साक्षीला.

काकूनं आमच्याकडं बघितलं. "हितं माझा जीव जातोय आन ह्यांना बैल व्हायचंय." पन पिशवी तिनं खाली ठिवली. "आठ दिस बघते. न्हाई तर जाते."

दुसऱ्या दिशी छगन सायकलीवर तालुक्याला गेला. तिथं त्यानं ह्या टेबलावरून त्या टेबलावर एवढी बोंबाबोंब केली की शेवटी नगरहून एक बाई यायची ठरली. वृषाली मॅडम, प्रोबेशन ऑफिसर. सुटलेल्या कैद्यावर नजर ठिवनं हे त्यांचं काम. त्यांनी सगळ्यांनाच वाडीच्या चावडीत बोलावलं. फौजदारसाहेब आले जीपमधनं, जेलचे सुभेदार आले यष्टीनं, आन तलाठी भाऊसाहेब आले सगळ्यात उशिरा, कारन ते सगळ्यात जवळ ऱ्हातात.

आता आपल्याकडं चार साहेब एका जागी आले की कामाच्या आधी काय हुतं? सत्कार. छगननं शाल-नारळ आनून ठिवलेच हुते, आन सत्कार म्हनलं की माईक आला, माईक म्हनलं की मी आलो. चावडीत एक बॉक्स मांडला, आन वायर वढून वेशीवरच्या लिंबावर भोंगा बांधला, कारन सत्कार गावानं ऐकला न्हाई तर त्यो झालाच न्हाई.

सत्कार झाला. मॅडमनी नारळ टेबलावर ठिवला आन म्हनाल्या, "आता माईक बंद करा. इथलं बोलणं बाहेर जाता कामा नये."

"जी मॅडम," म्हनून मी खटका दाबला.

खटके दोन हुते. एक बॉक्सचा, एक भोंग्याचा. मी बॉक्सचा दाबला. चावडीत एकदम शांत. वेशीवर भोंगा चालू. आत टेबलफॅन असा खडखडत हुता की बाहेरचं काय ऐकूच येईना. माझा हिशोब सरळ हुता. ह्यांची भांडनं आख्ख्या वाडीनं ऐकायची, म्हंजी मग छगनला बैल व्हायला न्हाई म्हनता येनार न्हाई.

सुरवात तर झकास झाली. सुभेदार म्हनले, "कैद्याची वागणूक उत्तम. पत्ता ह्याच वाडीचा. इथंच सोडणार."

"हितं कुठं सोडताय?" तलाठी म्हनला. "त्याच्या घराचं छप्पर पडलंय. बायको-पोरगी कवाच्या पाथर्डीला मामाकडं गेल्यात. लगीन बी तिकडंच हाय."

"हे आम्हाला कुणी कळवलं नाही."

"तुमी कवा इचारलं?"

फौजदार खाकरले. "आणि ह्या माणसानं कोर्टाच्या दारात साक्षीदार बाईला धमकी दिलेली आहे. आमच्या दप्तरी नोंद आहे."

"तुमच्या दप्तरी आहे, मग आमच्या का नाही?" सुभेदार तापले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. छगनकडं बघून मी हळूच दोन बोटं डोक्याला लावली. शिंगं. त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात मॅडमनी सत्काराचा नारळ उचलला आन टेबलावर दान्‌कन आपटला. फॅनसुद्धा क्षनभर दचकला. "कुणी काय केलं नाही हे पुरे झालं. उद्यापासून काय करणार ते एकेकानं सांगा. सुभेदार, तुम्ही आधी."

सुभेदारांनी टोपी नीट केली. "पत्ता पाथर्डीचा घालतो. आणि फाटकातून बाहेर काढायच्या आधी ठाण्याला फोन करतो."

फौजदार म्हनले, "पाथर्डीच्या ठाण्यात रोज सकाळी हजेरी. एक दिवस जरी चुकला तरी ते मला वायरलेस करतील, मी जीप काढीन."

"मी पाथर्डीला जाऊन मामाचं घर बघून येतो," तलाठी म्हनला. तलाठी स्वताहून कुठं जातो म्हनला हे मी जल्मात पयल्यांदा ऐकलं.

आन दार उघडलं. काकू. पदर खोचलेला, धापा टाकीत.

"बाई, तुम्हाला कुणी बोलावलं?" फौजदारांनी इचारलं.

काकूची नजर माझ्या मशिनीवर गेली. तिथं तांबडा दिवा लागलेला. मग माझ्यावर आली. मला वाटलं, मेलो. पन काकू मोठी पक्की. म्हनली, "माझ्या जीवाचं बोलताय, मला कळनार न्हाई व्हय? आन तुमच्या दप्तरात नुस्तं 'धमकी' लिवलंय. काय म्हनला ते न्हाई लिवलं. तो म्हनला, भर बाजारात तुडवीन तुला. तो घरी येत नसतो, साहेब. तो शनवारी काष्टीला यील."

फौजदारांनी सुभेदाराकडं बघितलं, सुभेदारांनी तलाठ्याकडं. ह्या वेळी 'तुमी कवा इचारलं' असं कुनीच म्हनलं न्हाई.

मॅडमनी काकूला आपली खुर्ची दिली. "मग बाजारात दिसला तर कळणार कसं?"

"स्टँडवर गहिनीनाथ हाय," छगन म्हनला. "आन बाजारात ह्या गोरक्षाचा भोंगा हाय. खूण ठरवू. 'पांढऱ्या गोंड्याचा खिलार सुटलाय.' खिलाराच्या शेपटीचा गोंडा पांढरा सहसा नसतो, म्हंजी खऱ्या बैलाशी घोळ व्हायचा न्हाई. ऐकलं की आपली मानसं भाजीच्या लायनीत."

"छान. पण हे ह्या खोलीबाहेर जायला नको," मॅडम म्हनाल्या.

बाहेर आलो तर वेशीवरच्या लिंबाखाली आख्खी वाडी मांडी घालून बसलेली. भारती सगळ्यांत पुढं, शेंगा सोलीत. आक्काबाई म्हातारी उठली आन फौजदारांना म्हनली, "साहेब, पांढरा कशाला, तांबडा गोंडा ठिवा की. ध्यानात ऱ्हायला बरा."

फौजदार वायर बघत बघत माझ्यापातूर आले. मी छगनच्या मागं. "साहेब, खटका चुकला..."

"तुझाच खटका काढतो!"

पन मॅडम रुमाल तोंडाला लावून हसत हुत्या. हसू आवरल्यावर म्हनाल्या, "असू द्या साहेब. कुणी काय कबूल केलं ते सगळ्या गावानं ऐकलंय. आता आपल्यापैकी कुणाला मागं फिरता येणार नाही."

"पण खूण फुटली, मॅडम!"

"फुटली तर फुटली," छगन म्हनला. "त्या जेलात कुठं भोंगा हाय?"

मॅडमनी मग लोकांकडं वळून बजावलं. पाथर्डीकडं शब्द जाता कामा नये. आन तो दिसला तरी कुनी हात उगारायचा न्हाई, एक बोट सुद्धा न्हाई. लोकांनी माना हालवल्या.

तिथनं माझी घसरन सुरू झाली. तलाठी पानाच्या टपरीवर दिसला की लोक इचारायचे, "भाऊसाहेब, पाथर्डीला जाऊन आला का?" कंटाळून तो खरंच गेला, मामाचं घर बघून आला. फौजदारांच्या जीपला आडवं होऊन आक्काबाईनं इचारलं, "वायरलेस चालतो न्हवं?" सुभेदारांनी सोडायच्या आधी फोन केला. गहिनीनाथानं समद्या कंडक्टरांना रंभाजीचा चेहरा सांगून ठिवला. चार खाती एका दाव्याला बांधल्यागत चालाय लागली आन मी रात्री डोकं चाचपून बघायला लागलो, काय उगवतंय का.

काकूची पिशवी मातूर तिच्या दाराशीच हुती. वांगी तोडत हुती, पन पिशवी आत न्हेत नव्हती.

गुरवारी पाथर्डीला लगीन लागलं. शनवार आला. काष्टीचा बाजार तुमी बघितला नसंल तर सांगतो, नजर जाईल तिथवर बैलच बैल. मधी धोतरं, पटके, आन रुमालाखाली हात घालून बोटं दाबत चाललेले सौदे. मी खोपटात माईक घिऊन बसलेलो. तेवढ्यात गहिनीनाथ पळत आला. कंट्रोलर पळतोय हे बघूनच मला कळलं, कारन गाडीमागं बी तो कधी पळाला न्हाई.

"उतरला! नगर-दौंड गाडीतनं! खांद्याला पिशवी हाय. भाजीकडं निघालाय!"

मी माईक वढला. "ऐका हो ऐका! पांढऱ्या गोंड्याचा खिलार सुटलाय! भाजीच्या लायनीकडं गेलाय! पांढऱ्या गोंड्याचा..." शब्द तोंडातनं सुटल्यावर ध्यानात आलं, मी माझ्याच शिंगांची दवंडी पिटतोय. म्हनलं, जाऊ दी, आन आवाज आनखी वाढवला.

आता, वाडीनं गुपित जपलं हुतं. म्हंजी फकस्त सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलं हुतं. सोयरे काष्टीचे, मांडवगनचे, आढळगावचे. त्यांचे आनखी सोयरे. त्यामुळं छगननं नेमलेली चार मानसं उठायच्या ऐवजी आख्खा बाजार उठला. रुमालाखालची बोटं हाय तिथं थांबली. एक दलाल म्हनला, "सौदा धरून ठेव, आलोच."

पन हात उगारायचा न्हाई असा हुकूम. मग लोकांनी काय करावं? ज्याच्या हातात जो बैल हुता तो त्यानं भाजीच्या लायनीत घातला. सहजच गेल्यागत. एक बैल आडवा, दुसरा त्याच्यामागं, तिसरा. बघता बघता रंभाजीच्या चारी अंगाला बैलांची भिंत. वांग्याची पाटी त्याच्यापासनं हाकेच्या अंतरावर, आन मधी खिलारं शेपट्या हालवीत उभी.

"सरका की वाईच," रंभाजी म्हनला.

"बैल हाय, ऐकत न्हाई," मालक म्हनला.

तो दुसरीकडं वळला. तिकडं आनखी मोठा बैल. "अरं, जाऊ द्या की!"

"जा की. आडवलंय कुनी?"

आन गंमत बघा, त्यानं बी इचारलं, "तो कुठला बैल सुटलाय म्हनं?"

"घावला तो," आक्काबाई कोथिंबिरीची जुडी झटकीत म्हनली.

तोवर जीप आली बी. सकाळी पाथर्डीत हजेरी पडली न्हाई म्हनून तिकडच्या ठान्यानं वायरलेस केलेला, आन फौजदार भोंग्याच्या आधीच निघालेले. ते बैलांच्या पोटाखालनं वाकून आत शिरले. पिशवी उघडली. आत गमज्यात गुंडाळलेला कोयता. नवाकोरा.

"ऊसतोडीला चाललो, साहेब," रंभाजी म्हनला.

"टोळ्या दिवाळीलाच गेल्या. आणि ऊस भाजीबाजारात कुठला तोडणार होतास?"

कुनी हसलं न्हाई. कोयता बघितल्यावर भारतीचा बी आवाज बंद झाला, म्हंजी बघा. रंभाजीला जीपमधी बसवलं, परत जेलच्या फाटकाच्या आत. बैलांची भिंत हळूहळू सुटली आन समद्यांनी काकूकडं बघितलं.

काकू पाटीमागं तशीच बसलेली. हात गुडघ्यावर घट्ट. उठली न्हवती, पळाली न्हवती. तिनं एक वांगं उचललं, पदरानं पुसलं. "वांगी घ्या वांगी," म्हनली. आवाज फाटला. पुन्हा म्हनली, ह्या वेळी एवढ्या जोरात की माझ्या भोंग्याला बी लाज वाटावी. "घ्या की रं मुडद्यांनो, बघताय काय! काटेरी वांगी!"

पाटी तिथल्या तिथं रिकामी झाली. संध्याकाळी मी मुद्दाम तिच्या दारावरनं गेलो. पिशवी दाराशी न्हवती.

छगन माझी वाटच बघत हुता. "खाती किती?"

"चार," मी म्हनलं. "पाथर्डीचं ठानं धरलं तर पाच."

"काम?"

"झालं."

"येळेवर?"

"बैलाचं माप घे," मी म्हनलं.

पुढच्या शनवारी मी काष्टीच्या बाजारात खुट्याला. शिंगांच्या जागी दोन मोठे मुळे, भारतीनं हिंगूळ लावून रंगवलेले, पटक्यात खोचून बांधलेले. अंगावर आरशाची झूल. गळ्यात घुंगुरमाळ. गहिनीनाथ पुढ्यात कडबा टाकीत हुता, आन छगन माझ्याच भोंग्यावर, माझ्याच लायटीवर वरडत हुता, "या हो या! दात जुळलेला बैल! कामाला आळशी, पन मारका न्हाई! आवाजाची ग्यारंटी!"

गर्दी एवढी की खऱ्या बैलांचे मालक चिडले. एका दलालानं माझा जबडा उघडून आत बघितलं. "तंबाखू खातो. परत ठेव."

तलाठी भाऊसाहेबांनी वशिंड शोधलं, ते पोटाच्या बाजूला सापडलं. फौजदार जीपमधनं उतरले आन माझ्याभवती एक चक्कर मारली. "चालतो का?"

"हाकलल्यावर," छगन म्हनला.

"खटका चुकतो काय ह्याचा अजून?"

नगरहून वृषाली मॅडम आल्या, खास यष्टीनं. त्यांनी मला हरभऱ्याचा डहाळा चारला. मी खाल्ला. बैलाला साहेबांचं मन मोडता येत न्हाई.

मग गर्दी बाजूला झाली आन भागिरथी काकू आली. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली, कान वढला, मागं जाऊन गोंडा शोधला. मग छगनपुढं हात केला. छगननं खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातावर टाकला. आत बोटं दाबली गेली.

"काय बोलली?" गहिनीनाथ अस्वस्थ.

छगननं रुमाल काढला आन माईक उचलला. "सौदा झाला! एक पाटी वांग्यावर बैल गेला!"

हशा असा उठला की खरी खिलारं बिथरली. काकूनं दावं सोडलं आन मला वढीत चालली, घुंगरं वाजत, मुळे हालत. तेवढ्यात गर्दीतनं आळीतला सगळ्यात मोठा आवाज आला.

"काकू, वांगी आधी मोजून द्या! आन एकदा न्हेला की माघारी आनू नका!"